निकालाआधीचं हसू

गादीच्या दुकानात लोक गादीवर पडून बघतात, झोपत नाहीत. एवढी अक्कल तिला होती. पण त्या दुपारी दुकानाच्या पार मागच्या कोपऱ्यात, एका जाडजूड पांढऱ्या गादीवर ती ‘जरा पाठ टेकून बघू’ म्हणून आडवी झाली, आणि डोळा लागला तो लागलाच. घोरण्यापर्यंत मजल गेली होती म्हणे... म्हणजे असं तो म्हणतो. ती अजूनही कबूल करत नाही.

जाग आली तेव्हा डोक्यावरचा दिवा कुणीतरी मालवलेला होता. तिच्या चपला पलंगापाशी जोडीने नीट लावून ठेवलेल्या होत्या. आणि थोडं पलीकडे, तिच्याकडे पाठ करून, एक माणूस खुर्ची टाकून बसला होता. बाह्या दुमडलेल्या, डोळ्यांवर चष्मा. इकडे वळणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हळू आवाजात सांगत होता, “ही नका बघू. ही गादी आत्ता कामात आहे.”

ती धडपडत उठून बसली. “सॉरी हं! मी... किती वेळ...”

“ते विचारू नका,” तो वळून म्हणाला. “दुकानदार तुम्हाला उठवायला निघाला होता. मी म्हटलं, राहू द्या. इतकी चांगली जाहिरात फुकटात कोण करतं?”

“तुम्ही या दुकानातले?”

“छे. मी ही गादी बनवणाऱ्यांतला. कंपनीचा कारखाना माझ्याकडे असतो. अधूनमधून दुकानात येऊन बसतो, लोक गादीवर कसे बसतात ते बघायला. कुणी मुठीने दाबून बघतं, कुणी कडेवर बसून हलून बघतं. पण एवढ्या वर्षांत...” त्याने ओठ दाबून हसू आवरलं. “इतकी कसून तपासणी कुणी केली नव्हती.”

ती लाजेने पाणी पाणी झाली. आणि त्यात तीही नेमकं तेच करायला आली होती. लोकांना बघायला.

ती एका म्युच्युअल फंडात मोठ्या हुद्द्यावर होती. असंख्य घरांतून दर महिन्याला थोडी थोडी शिल्लक तिच्या फंडात यायची. कुणाच्या लेकीच्या शिक्षणाची, कुणाच्या म्हातारपणाची. ही शिल्लक कुठल्या कंपन्यांच्या शेअरमध्ये लावायची आणि कधी काढून घ्यायची, हे ती ठरवायची. हे काम तिला शिकवलं थोरल्या साहेबांनी. ते कधीच निवृत्त झाले होते, पण त्यांची एक सवय तिच्या अंगात मुरली होती. “हिशेबाचे कागद सगळेच वाचतात. तू दुकानात जाऊन बस,” ते म्हणायचे. म्हणून ती बुटांच्या दुकानात बसून राहिली, टायरच्या दुकानात ताटकळली, औषधांच्या दुकानात मुद्दाम रांगेच्या शेवटी उभी राहिली. माणसं बघत बसायचा आपल्याला कुणी पगार देतं, याचं तिला आजही नवल वाटे. साहेबांची आठवण निघाली की ती मनातल्या मनात त्यांचे आभार मानी.

शेअरबाजारात मात्र तिला सगळे थांबाबाई म्हणायचे. भाव कोसळले, इतरांची पळापळ झाली, की फोनवर ही शांतपणे एकच शब्द बोलायची, “थांबा.” नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण तिला ते आवडायचं.

आता याच्यापासून ओळख लपवणं काही तिला जमेना. चपला पायात सरकवत तिने सांगून टाकलं, “तुमच्या कंपनीचे शेअर आमच्या फंडात आहेत. बरेच आहेत. मी दुकानं बघायला आले होते, आणि... हे असं झालं.”

त्याचं हसू एकदम मावळलं. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला.

“म्हणजे थांबाबाई... तुम्हीच?”

“तुम्हाला कसं माहीत?”

“अहो, आमच्या कॅन्टीनमध्ये तुमचं नाव निघतं. कारखान्यात आग लागली होती ना, त्या वर्षी सगळ्यांनी आमचे शेअर फुंकून टाकले. एवढा मोठा फंड अजून थांबलाय म्हटल्यावर बँकेनेही धीर धरला. नाहीतर आम्ही सगळे घरी बसलो असतो.” त्याने चष्मा सारखा केला. “थँक यू. कधीतरी भेटलात तर म्हणायचं ठरवलं होतं. असं... पलंगावर भेटाल असं वाटलं नव्हतं.”

दोघंही एकदम हसली. आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन तो कानापर्यंत लाल झाला. ते तिला फार आवडलं.

तिच्या धंद्यात एक नियम आहे, आणि तो कडक आहे. कंपनीच्या आतली बातमी, जी अजून जगाला कळलेली नाही, ती कानावर पडली तर त्या शेअरला हात लावायचा नाही. कंपनीतल्या कुणाला भेटलं तर ऑफिसात कळवायचं. हे सगळं बघायला कायदेकाका होते. पिकलेल्या मिशांचे, कायम स्वेटर घालणारे, नियमांच्या बाबतीत देवालाही सूट न देणारे. त्याच्याबरोबरच्या पहिल्या कॉफीनंतर तिने जाऊन त्यांना सांगितलं, “भेटले. कामाचं काही बोलणं झालं नाही.” दुसऱ्या कॉफीनंतरही तेच. पुढे पुढे काका तिला दारात बघूनच म्हणू लागले, “कामाचं बोलणं झालं नाही, माहीत आहे. जा.”

खरोखरच होत नसे. तिच्या ऑफिसजवळच्या गल्लीत एक अरुंद कॉफीचं दुकान होतं, खिडकीजवळ दोन उंच स्टुलं. दर थोड्या दिवसांनी दोघं तिथे बसायची. तो चुकून जरी ‘आज कारखान्यात’ म्हणाला, की हिचा तळवा ट्रॅफिक पोलिसासारखा वर व्हायचा.

“बरं, बरं. मग सकाळी मी काय खाल्लं हे सांगितलं तर चालेल?”

“कारखान्यात खाल्लं असेल तर नाही.”

“घरी खाल्लं. करपलेला पाव.”

“हे मात्र जगजाहीर असणार. तुमच्या शर्टाला अजून वास येतोय.”

“म्हणजे तुम्ही माझ्या शर्टाचा वास घेता?”

“मी... खिडकी उघडी आहे, वारा तिकडून येतोय...”

तो खिडकीकडे बघे. खिडकी बंद असे. ती कपात तोंड खुपसून बसे, आणि तो बिचारा तिच्याऐवजी रस्त्याकडे बघून हसे. चाळिशीच्या उंबरठ्यावर आलेल्या बाईने असं लाजावं का, असं तिचं तिलाच वाटायचं. पण वाटून काही उपयोग नव्हता.

घरी आई होती. आईला सगळं न सांगताच कळत होतं.

“आज गादीवाला भेटला वाटतं?”

“तुला कशावरून?”

“घरात शिरताना गुणगुणलीस. भाव पडला तर तू गुणगुणत नाहीस, वाढला तरी गुणगुणत नाहीस.” आई चष्मा पुसत म्हणाली, “काय चाललंय ते त्याला विचार तरी एकदा. शेअर दहा वर्षं धरून बसलीस तर लोक टाळ्या वाजवतात. माणसाला तेवढा धीर नसतो बाई.”

“विचारीन गं. घाई काय आहे?”

“घ्या. झालं. थांबा म्हणाली,” आईने कपाळाला हात लावला.

घाई नव्हती असं नाही. भीती होती. त्याचं आपल्याशी चांगलं वागणं हे नुसतं उपकार फेडणं असेल तर? त्या आगीच्या वर्षाची परतफेड म्हणून हा कॉफी पाजत असेल तर? विचारलं आणि तो अवघडून गप्प बसला, तर ही दोन स्टुलंही जातील. त्यापेक्षा आहे ते बरं आहे, असं म्हणून ती दिवस ढकलत होती.

मग एक संध्याकाळ आली. बाहेर पावसाची भुरभुर, काचेवर धुकं, आणि तो समोर बसून नुसता हसतोय. कारण नाही, काही नाही. कॉफी सांडली तरी हसला. तिने छत्री हरवल्याचं सांगितलं तरी हसला. निघताना तिच्या खांद्यावरचा पाण्याचा थेंब रुमालाने टिपला, आणि एवढंच म्हणाला, “आज खूप बरं वाटतंय.” ती घरी जाईपर्यंत तो खांदा जपत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात चिमणी समोर येऊन उभी राहिली. चिमणी म्हणजे तिच्या हाताखाली कंपन्यांचा अभ्यास करणारी मुलगी. हुशार, आणि दिवसभर चिवचिवाट.

“मॅडम, गादी कंपनीचा तिमाही निकाल पुढच्या आठवड्यात आहे. भाव बराच खाली आलाय. आणखी घ्यायचे का शेअर?”

“घे,” ती म्हणाली.

चिमणीचा चिवचिवाट थांबला. थांबाबाई, आणि एका झटक्यात ‘घे’?

“पण मॅडम... फोमचे भाव वाढलेत. कागदावर तर सगळं वाईटच दिसतंय. कशावरून घ्यायचे?”

ती उत्तर द्यायला गेली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. कशावरून? दुकानं बघून नाही, कागद वाचून नाही. काल संध्याकाळी एक माणूस कारण नसताना हसत होता, त्यावरून! कारखाना ज्याच्या हातात आहे असा माणूस निकालाच्या तोंडावर इतका खूश आहे, म्हणजे निकाल उत्तमच असणार... असं तिच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि तिला पत्ताही लागला नव्हता. त्याने एक अक्षर सांगितलं नव्हतं. तिनेच त्याच्या चेहऱ्यावरून आतली बातमी काढून घेतली होती.

“थांब,” ती चिमणीला म्हणाली. “काही करू नकोस. मी आले.”

जिन्यात ती थोडा वेळ नुसती उभी राहिली. ही कंपनी तिने शोधलेली होती. कुणी नावही घेत नव्हतं तेव्हा घेतलेली, आगीतून सांभाळलेली. आता काकांना खरं सांगितलं तर ती तिच्या हातातून जाणार. नाही सांगितलं, तर लेकीच्या शिक्षणासाठी पैसे ठेवणाऱ्या त्या अनोळखी माणसांशी बेइमानी. आणि खरं सांगायचं म्हणजे नेमकं काय सांगायचं? जे त्याला सांगायची हिंमत झाली नाही, ते स्वेटर घातलेल्या काकांना?

ती गेली. दार लावून घेतलं.

“काका, माझ्याकडे गादी कंपनीची आतली बातमी आहे.”

काकांचा चहाचा कप हवेतच राहिला. “कुणी सांगितली?”

“कुणी नाही. तो... हसला.”

“हसला?”

“कालची सगळी संध्याकाळ. मी त्यावरून शेअर घ्यायला निघाले होते.”

काकांनी कप हळूच खाली ठेवला. “हे बघ, हसण्यावर कुठला नियम नाही. माणसं हसतात.”

“बाकीच्यांचं हसणं मला कळत नाही, काका. त्याचं कळतं.” ती समोरच्या खुर्चीत बसली. “त्याचं हसू मला वाचता येतं. तो दमलाय की रुसलाय, की भूक लागलीय, ते तो दारातून आत येतानाच मला समजतं. असं असताना मी त्या कंपनीचे निर्णय घेणं बरोबर नाही.”

काकांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग काका खाकरले, आणि त्यांनी तो प्रश्न विचारला जो अशा वेळी त्यांना विचारावाच लागतो. “म्हणजे... जवळचे संबंध, असं समजू?”

“हो,” ती म्हणाली. हा शब्द उच्चारल्यावर तिला एकदम हलकं वाटलं.

“समोरच्या माणसाला याची कल्पना आहे?”

“नाही.”

काकांनी चष्मा काढला. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. हसू आवरत होते की आणखी काही, सांगता येईना. “इतकी वर्षं या खुर्चीत बसलोय. माणसं पकडल्यावर कबूल करतात. प्रेम झालंय हे त्या माणसाच्या आधी मला सांगणारी तू पहिलीच.” मग त्यांचा आवाज कामाचा झाला. “आजपासून ती कंपनी तुझ्याकडे नाही. मी तुझ्या सहकाऱ्याकडे देतो, पलीकडच्या खोलीतल्या. निकाल लागेपर्यंत आपल्याकडून एकही शेअर घेतला जाणार नाही, विकला जाणार नाही. आणि तोवर तू त्याला भेटायचं नाहीस. त्यानंतर... तुमचं तुम्ही बघा.”

तिने त्याला निरोप पाठवला, “निकाल लागेपर्यंत भेटता येणार नाही. कारण नंतर सांगेन.” त्याचं उत्तर आलं, “बरं.” एवढंच. आपल्याला ज्याचं हसणं वाचता येतं त्याचं ‘बरं’ मुळीच वाचता येत नाही, हे तिला त्या आठवड्यात कळलं. जेवण जाईना. आईने दोनदा कपाळाला हात लावून बघितलं, ताप नव्हता. शेवटी तिने आईला सगळं सांगितलं. आईने तिला जवळ ओढलं आणि म्हणाली, “कंपनी गेली तर जाऊ दे. तू खोटं वागली नाहीस, मला पोटभर आहे तेवढं.”

मग निकाल लागला. आणि तो वाईट होता.

नुसता वाईट नाही, दणकून वाईट. फोम महागला होता, नफा निम्म्यावर आला होता. दुपारपर्यंत भाव धाडकन खाली. चिमणी धावत आली, “मॅडम, बरं झालं आपण तेव्हा घेतले नाहीत! आधीचे शेअर होते त्यांना फटका बसलाच, पण वर आणखी घेतले असते तर... तुम्हाला कसं कळलं हो?”

तिला काय सांगणार? ती सरळ काकांच्या खोलीत गेली.

“काका, त्या दिवशी तुम्ही मला थांबवलंत. लोकांचे पैसे वाचले. तुमचे उपकार आहेत.”

“मी कुठे थांबवलं? तू आपल्या पायांनी चालत आलीस,” काका स्वेटरची बाही ओढत म्हणाले. “आता निकाल लागलाय. जायचं तिथे जा. आणि इथे येऊन ‘कामाचं बोलणं झालं नाही’ असं सांगू नकोस, मला कामं आहेत.”

तो तिच्या आधी येऊन बसला होता. दमलेला दिसत होता, दाढी वाढलेली. समोरची कॉफी गार झालेली.

“निकालानंतर गुंतवणूकदारांशी फोन झाला, त्यात तुमच्या फंडातून दुसराच कुणीतरी प्रश्न विचारत होता,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “मी शेवटपर्यंत तुमच्या आवाजाची वाट बघत होतो. आगीत थांबलात, आणि आता सोडून गेलात?”

“फंड थांबलाय. शेअर तसेच आहेत. फक्त मी बाजूला झाले.”

“का?”

ती स्टुलावर बसली. हात थंडगार पडले होते. थांबायचं असतं तर हीच वेळ होती, पण ती थांबली नाही. “नियम आहे आमचा. कंपनीतल्या माणसाशी जवळचे संबंध असतील तर ऑफिसात सांगावं लागतं. मी सांगितलं.”

तो वळला. “कुणाचे संबंध?”

“आपले.”

“पण आपण तर... म्हणजे तुम्ही... मला कुठे...”

“तुम्हाला सांगायचं राहिलं होतं,” ती कशीबशी म्हणाली. “ते आत्ता सांगतेय.”

तो नुसता बघत राहिला. मशीनची वाफ फुसफुसली, कुणीतरी दार उघडून आत आलं, थंड वाऱ्याची झुळूक पायांवरून गेली. तिला वाटलं, संपलं. म्हणून ती घाईघाईने बोलत सुटली, “आणि सगळ्यात मोठा गाढवपणा ऐका. त्या संध्याकाळी तुम्ही इतके हसत होतात, इतके, की मला वाटलं निकाल फार चांगला असणार. मी शेअर घ्यायला निघाले होते! आणि हा असा निकाल. म्हणजे मला तुमचं काहीच कळत नाही. उगाच मिजास केली मी काकांपुढे, त्याचं हसू वाचता येतं म्हणून...”

“त्या संध्याकाळी?” तो हळूच म्हणाला. “त्या दिवशी सकाळी आमच्या कंपनीच्या मोठ्या साहेबांनी मला सगळ्यांदेखत झापलं होतं. निकालाची वाट लागलीय हे मला महिनाभर आधीच माहीत होतं. त्या दिवसाइतका वाईट दिवस गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता.”

“मग हसत कशाला होतात?”

त्याने गार कॉफीचा कप बाजूला सरकवला. टेबलावरचा तिचा थंड हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“तुम्ही समोर होतात ना.”

तिचे डोळे भरून आले. ज्या चेहऱ्यावरून ती एका कंपनीचा नफा शोधत होती, त्यावर सगळं तिच्याचबद्दल लिहिलेलं होतं, आणि इतकी वर्षं माणसं बघण्यात घालवलेल्या बाईला तेवढं वाचता आलं नव्हतं. तिला कुणाचे कुणाचे आभार मानू असं झालं. काकांचे, आईचे, वाईट निकालाचे सुद्धा.

“थँक यू,” ती म्हणाली.

“कशाबद्दल? तुमची कंपनी घालवली मी.”

“घालवलीस खरी.”

तिच्या तोंडून ‘तू’ निघून गेला होता. त्याला ते कळलं, आणि त्याच्या दमलेल्या, दाढी वाढलेल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं.

“आता काय झालं हसायला?” तिने डोळे पुसत विचारलं.

“काही नाही गं. भाव कोसळलाय, फोम आणखी महागणार आहे, उद्या सकाळी साहेब पुन्हा झापणार आहेत,” तो म्हणाला, आणि तिचा हात न सोडता हसतच राहिला.